नेमानीचा हात आणि देवमाशाचा दात

शिसारी म्हणजे काय ते कोणाला बघायचं असेल, तर त्याने त्या अहवालाचं मुखपृष्ठ बघावं. गुळगुळीत जाड कागद. वर आमच्या नाइवी गावची नदी, समुद्राला मिळते तिथली, विमानातून काढलेली. आणि कोपऱ्यात, गोल चौकटीत, आमचा नेमानी. मांडी घालून बसलेला, मान खाली, दोन्ही हातांत देवमाशाचा दात. खाली दोन शब्द: ‘पारंपरिक संमती’. नेमानीने हे चित्र पहिल्यांदा पाहिलं ते दुकानाच्या ओट्यावर. पाहिलं, अहवाल खाली ठेवला आणि जास्वंदीच्या कुंपणात जाऊन भडभडून ओकला. सकाळचा चहा, उकडलेला कसावा, सगळं बाहेर. दुकानदाराला वाटलं, मासा बाधला. मासा कसला बाधतोय! आयुष्यभर नदीतलं खाल्लेला माणूस तो.

नेमानी म्हणजे आमच्या गावाचं तोंड. आमच्याकडे गावाचे रातू, म्हणजे गावप्रमुख, चारचौघांत स्वतः बोलत नाहीत. त्यांनी कानात सांगायचं आणि नेमानीने मोठ्याने बोलायचं. बाहेरचं कोणी काही मागायला आलं, मुलगी मागायला, माफी मागायला, किंवा मयताला भेटायला, की ते देवमाशाचा दात दोन्ही हातांत धरून समोर बसतात. तो दात नेमानीने घ्यायचा आणि ठरलेले शब्द बोलायचे. एकदा घेतला की मागणी मान्य. मग आकाश कोसळलं तरी मागे फिरणं नाही. हे काम त्याच्या बापाचं, आज्याचं, त्यांच्याही आधीपासूनचं.

बापाने त्याला शिकवलं तेसुद्धा शब्दांपासून नाही, हातापासून. डोळे मिटायला लावायचा आणि हातावर दात ठेवायचा. थंड आहे का? जड आहे का? मुळाशी पोकळ लागतो का? किती हातांनी झिजून गुळगुळीत झालाय? चुकलं की टपली. नेमानी कधीच चुकेनासा झाला तेव्हा बाप म्हणाला, आता बोल. आणि आवाज असा लागला पोराचा, की पलीकडच्या काठावरची डुकरंसुद्धा चरायची थांबत.

बाकी माणूस अगदी साधा. दालोचं, म्हणजे अळूच्या कंदांचं, एक शेत, एक म्हातारी डुकरीण, बायको लोसाना गेल्यापासून घरात एकटा. ना कोणाच्या अध्यात ना मध्यात. रविवारी देवळात शेवटच्या बाकावर बसून खुशाल घोरायचा, आणि पाळकबाबांनी टोकलं की म्हणायचा, “आठवडाभर गावासाठी बोलतो, एक दिवस देवाने बोलावं.”

अशा माणसाच्या तोंडून गावाची नदी गेली.

झालं असं. आमचे म्हातारे रातू आपोरोसा वारले. मोठं मरण ते. गावोगावची माणसं आली, चटया आल्या, डुकरं आली, रॉकेलचे पिंप आले आणि दात तर किती आले त्याला गणती नाही. नेमानी मढ्याच्या उशाशी बसून सकाळपासून घेत होता आणि बोलत होता. घसा फाटला. उन्हं कलली तेव्हा नदीची वाळू उपसू पाहणाऱ्या कंपनीची माणसं आली, आणि त्यांच्या पुढे गुडघ्यांवर सरकत आला फिलिमोने. नेमानीचा भाचा.

आता भाचा म्हणजे काय हे त्या कंपनीला कोणी शिकवलं देव जाणे. आमच्याकडे भाच्याला मामाच्या गावात सगळं माफ. अंगणातली कोंबडी पकडून नेली तरी कोणी हूं की चूं करत नाही. कंपनीने पगारावर ठेवला तो बरोबर आमचा भाचा! साहेबांच्या डोक्यातून निघालेलं नाही हे, आपल्यातल्याच कोणीतरी विकलेली अक्कल आहे. असो. फिलिमोनेची आई आकिसी, नेमानीची सख्खी बहीण. आणि सख्ख्या बहीणभावांनी वयात आल्यावर एकमेकांशी तोंडाने बोलायचं नाही, ही आमची रीत. मान राखायचा तो असा. ती लग्न होऊन गेली, बाळंत झाली, आजारी पडली, मेली. नेमानी तिच्या उशाशी बसून होता, पण एक शब्द बोलला नाही, तीही बोलली नाही. नुसती बघत होती म्हणतात.

फिलिमोनेने भाषण केलं. चांगलं केलं. रातूंची थोरवी, गावाचं दुःख. आणि शेवटी, आवाज जरासा खाली आणून, “आणि आमचं वाळूचं कामही याच दाताखाली ठेवतो, मामा.”

नेमानीने ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. कोणाला काही वाटलं नाही. मढ्यासमोर ठेवलेलं ते मढ्याचं, जास्तीचं काही कोणी बोललं तर तेही त्याच्याबरोबर मातीत जातं, असं आम्ही धरतो. आणि दुःखात बोलणाऱ्याला मधेच तोडायचं नसतं. नेमानीने हात पुढे केले.

दात हातावर आला. दात हलका होता. गार नव्हता, तळव्याला लागताच ऊन झाला. अंगठा सवयीने बाजूवरून फिरला तर तिथे बारीक शिवण. साच्यातून काढलेल्या बादलीला असते तशी.

प्लास्टिक!

राजधानीत, सुव्यात, पर्यटकांच्या दुकानात टांगलेले असतात तसला. रातूंच्या मढ्यासमोर. अरे, डुकराच्या मयताला तरी कोणी असं आणेल का? नेमानीने मान वर केली. समोर फिलिमोने, घामाने डबडबलेला, आणि डोळे हुबेहूब आकिसीचे. जिच्याशी आयुष्यभर दोन शब्द बोलला नाही, तिच्या पोराला भर मयतात खोटा पाडायचा? नेमानीने मान खाली घातली, दात उचलून धरला आणि ठरलेले शब्द बोलला, सगळे, खणखणीत. आम्ही पोकळ तळव्यांच्या टाळ्या वाजवल्या, रीतीप्रमाणे. कोणीतरी फोटो काढला.

दफन झाल्यावर आलेले दात वाटायचे असतात. तो एक दात नेमानीने फडक्यात गुंडाळून घराच्या वाशात खोचून ठेवला. उद्या कोणाच्या पोरीच्या लग्नात जायला नको, म्हणून. कोणाला बोलला नाही. पण त्या दिवसापासून यांगोनाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या आमच्या पेयाची, करवंटी तोंडाला लावली की त्याला मळमळायचं. वाण्याने मुळ्या जुन्या दिल्या म्हणायचा.

आणि मग अहवाल आला.

कायदाच आहे तसा. नदीच्या मुखाशी काळी वाळू आहे, तिच्यात लोखंड आहे. ते उपसायचं, दालोच्या शेतात मोठी तळी खणून तिथे धुवायचं आणि जहाजात भरून न्यायचं. त्याआधी जमीन, पाणी, माणसं यांचं काय होईल ते लिहून गावापुढे ठेवायचं, आणि सरकारने तपासायचं. कंपनीने ब्रिस्बेनहून एक बाई आणली होती, जॅनिस नावाची. उंच गमबूट घालून ती पंधरवडाभर हिंडली. स्वभावाने वाईट नव्हती, पोरांना बिस्किटं द्यायची. तिने लिहिलेलं हे पुस्तक इनोकेने ओट्यावर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. इनोके हा उलामिलाचा मुलगा, शहरात शिकून आलेला, दोन पोरांचा बाप. आणि उलामिला ही नेमानीची मामेबहीण. सख्ख्या बहिणीशी बोलायचं नाही, पण मामेबहिणीने मात्र येता-जाता टोमणे मारायचे, ही पण आमची रीतच, आणि उलामिलाने ती कधी मोडली नाही. नदीत बुड्या मारून शिंपल्या काढायच्या आणि बाजारात ढीग लावून विकायच्या, हा तिचा धंदा. गावातल्या निम्म्या चुली त्यावर पेटतात.

“‘नदीमुखाशी केवळ चिखल असून त्याचे मूल्य कमी आहे,’” इनोकेने वाचलं.

“आणि माझं किती लिहिलंय रे?” उलामिला म्हणाली. “मीपण दिवसभर त्याच चिखलात असते.”

“‘जमिनीचा सध्याचा वापर तुरळक.’”

“तुरळक म्हणजे काय?”

“म्हणजे थोडा. इथे-तिथे.”

“हां, म्हणजे नेमाच्या डोक्यावरचे केस!”

सगळे खो-खो हसले. नेमानी हसला नाही. त्याला पुढचं माहीत होतं.

“‘गावात झालेल्या प्रत्येक सभेत उपस्थितांनी वारंवार टाळ्या वाजवून प्रस्तावाचे स्वागत केले.’”

“कधी वाजवल्या आपण टाळ्या?” कोणीतरी विचारलं. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. अहो, ती यांगोनाची टाळी! एकाने करवंटी रिकामी केली की बाकीच्यांनी वाजवायची ती. जितके पिणारे तितक्या टाळ्या. बाईने बसून सगळ्या लिहून घेतल्या होत्या.

“बरं झालं मी तिथे शिंकले नाही,” उलामिला म्हणाली. “नाहीतर तेही स्वागतच.”

“‘गावाच्या अधिकृत प्रवक्त्याने देवमाशाचा दात स्वीकारला असून, स्थानिक रूढीनुसार अशी संमती कधीही मागे घेता येत नाही.’”

हसणं थांबलं. सगळ्यांच्या माना नेमानीकडे वळल्या.

“मयताचा दात होता तो,” नेमानी म्हणाला.

“मग इथे आमच्या नदीचा कसा झाला?” उलामिलाच्या आवाजात आता थट्टा नव्हती. “शेवटचं वाक्य तूही ऐकलंस ना? दोन शब्द टाकता आले नाहीत? हा दात मढ्याचा, वाळूचा नाही, एवढंच? बाकी वेळी थांबवता थांबत नाहीस!”

“रीत नाही तशी.”

“रीत! ऐक नेमा, तुझ्या तोंडाने आमची नदी गेली ना, तर तोच कमी मूल्याचा चिखल तुझ्या तोंडात कोंबीन. थुत् तुझ्या रीतीवर!”

ती उठून गेली. तेव्हा नेमानीने इनोकेच्या हातातला अहवाल घेतला, मुखपृष्ठ पाहिलं आणि तो कुंपणापाशी धावला.

तोंड धुऊन तो घरी आला, वाशातलं फडकं काढलं आणि अंगणातल्या उन्हात तो दात निरखत बसला. एक शब्द बोलायचा अवकाश, कंपनीची संमती फुसकी. खोट्या दाताने काहीच बांधलं जात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मग लगेच पुढचा प्रश्न येणार: नेमानी, तुला कधी कळलं? हातात घेताच कळलं. मग घेतलास कसा? गावाच्या तोंडाने जाणूनबुजून खोट्याला खरं म्हटलं. आणि एकदा म्हटलं तर आणखी किती वेळा म्हटलं असेल? सगळी लग्नं, सगळ्या माफ्या, काठ्या निघालेली किती भांडणं त्याच्या हाताच्या भरवशावर मिटली होती. त्याला स्वतःच्याच तळव्यांची किळस आली. मातीत घासले, तरी गेली नाही.

गावानेही काही कमी शेण खाल्लं नव्हतं म्हणा. वासरं गोठ्यात बांधावीत तशी पोरं कंपनीचे निळे टी-शर्ट घालून एका रांगेत उभी. देवळाला पत्रे आले, डब्यातलं मांस घरोघर पोचलं, आणि नवे रातू, आपोरोसांचे चिरंजीव एपेली, जे जन्मभर सुव्यात राहिले, ते तपासणीच्या सभेला आले ते नव्याकोऱ्या ट्रकमधून. ट्रक कुठून आला हे कोणी विचारलं नाही. विचारायची रीत नाही.

सभेला सुव्याहून सरकारी अधिकारी आला होता. दमलेला, सज्जन माणूस, खांद्यावर टॉवेल, सारखा घाम पुसणारा. सभागृहात चटया, मधे यांगोनाची लाकडी काथवट, वरच्या बाजूला रातू एपेली, त्यांच्या शेजारी नेमानी, समोर जॅनिसबाई, फिलिमोने आणि कंपनीचे दोघं. बायका बाहेरच्या चुलीवर पाहुण्यांचं जेवण रांधत होत्या. अधिकाऱ्याने अहवालातली पानं एकेक करून सांगितली. पाणी, मासे, धूळ, आवाज. प्रत्येक पानाला विचारायचा, “कोणाची काही हरकत?”

रातू बसलेले असताना कोण बोलणार? सगळे चटईकडे बघत बसले. रातूंच्या समोर गप्प बसणं म्हणजे आमच्याकडे मान. तो दरवेळी लिहायचा: हरकत नाही. करवंटी फिरायची, टाळ्या वाजायच्या, बाई मान हलवायची. बघून अंगावर पाल पडल्यासारखं होत होतं.

शेवटी रातू एपेली नेमानीच्या कानाशी वाकले. “आभार मान आणि सांग, गाव दाताच्या शब्दाला बांधलेलं आहे. आटप, मला परत जायचंय.”

नेमानी पुढे सरकला. तोंड उघडलं.

“रातूंचे शब्द संपले,” तो म्हणाला. “आता बोलतोय तो नुसता नेमानी.”

असं आमच्या गावात कोणी कधी ऐकलं नव्हतं. यांगोना ढवळणाऱ्याचा हात काथवटीतच राहिला. नेमानीने लुंगीच्या गाठीतून फडकं काढलं, सोडलं आणि दात फिलिमोनेसमोर धरला.

“भाच्या, ओळखतोस?”

फिलिमोनेने कंपनीच्या दोघांकडे पाहिलं.

“उलामिला!” नेमानीने दाराबाहेर हाक मारली. “निखारे आण.”

“कशाला? सभेतच भाजतोयस काय काही?” असं म्हणत ती आली खरी, पत्र्याच्या झाकणावर निखारे घेऊन. त्याचं तोंड बघितलं आणि मुकाट्याने झाकण खाली ठेवलं. नेमानीने दात निखाऱ्यांवर टाकला.

हाड असं करत नाही. या दाताने आधी कूस बदलल्यासारखं केलं, मग वाकला, मग बुळबुळीत होऊन पसरला आणि त्यातून काळा धूर निघाला. काय ती घाण! टायर जाळल्यासारखी, घशाला चिकटणारी. लोकांनी नाकाला शर्ट लावले. कोणी लावले निळे, कंपनीचे.

“रातूंच्या मढ्यापुढे हे ठेवलं,” नेमानी म्हणाला, “आणि मी घेतलं. मला हातात येताच कळलं होतं. तरी घेतलं, तरी सगळे शब्द बोललो. गावाचा यात दोष नाही. गावाचं तोंड घाण होतं. पण खोट्या दाताने दिलेला शब्द म्हणजे शब्दच नाही. साहेब, हे लिहा.”

“बस खाली!” रातू एपेली स्वतःच्या तोंडाने ओरडले.

“मामा, मला कंपनीच्या ऑफिसातून पिशवीत दिला होता,” फिलिमोने पुटपुटला. “शपथ, मला माहीत नव्हतं.”

“हातात धरून इथवर आलास आणि माहीत नव्हतं? मग आकिसीने तुला काहीच शिकवलं नाही.”

बहिणीचं नाव त्याने उभ्या जन्मात पहिल्यांदा तोंडातून काढलं. भाच्याने मान खाली घातली ती वर केली नाही. जॅनिसबाई खोकत खोकत विचारत होती, काय जळलं, काय जळलं. अधिकारी लिहीत होता.

काय लिहीत होता ते पुढच्या पत्रात कळलं. ‘संमतीचे प्रकरण अपुरे असून ते नव्याने सादर करावे. तसेच, ग्रामस्थांनी प्लास्टिक कचऱ्याच्या विल्हेवाटीबाबत तीव्र चिंता व्यक्त केली. कंपनीने उपाययोजना करावी.’ कंपनीने केली. झाकणाच्या दोन हिरव्या कचराकुंड्या गावात येऊन पडल्या. उलामिलाने एका कुंडीत डुकरांचं खाद्य भरून ठेवलं. दुसरीत कोणी काही टाकलं नाही, तिच्याकडे बघितलं तरी मळमळायचं.

नेमानीचं काम गेलं. रातूंनी इनोकेला गावाचं तोंड केलं. शिकलेला, तरुण, रातू सांगतील तेवढंच बोलणारा. नेमानी आता दारापाशी, चपलांच्या जवळ बसायचा. तेही त्याने सोसलं असतं. पण एक दिवस गावातली वासिती आली, अंगणातच उभी राहिली.

“माझ्या मुलीच्या लग्नात आला होता तो दात... खरा होता ना?”

“खरा होता, वासिती. जुना, मधाच्या रंगाचा. चांगला आठवतोय मला.”

“आता तू म्हणतोस,” ती म्हणाली आणि निघून गेली.

तिच्यामागून आणखी आल्या. जे आले नाहीत ते नुसते बघायचे. ज्या माणसाने खरं सांगितलं त्याच्याकडेच लोक लबाड म्हणून बघतात आणि ज्याने ट्रक घेतला त्याला वाट देतात, याहून घाण काय असते मला माहीत नाही.

आणि मग कंपनी परत आली. या वेळी फोटोवाला नाही, टी-शर्ट नाहीत, डबे नाहीत. कोणाकडून तरी चांगलं शिकून आली होती. फिलिमोने गुडघ्यांवर सरकत आत आला तेव्हा त्याच्या हातांत दात होता, आणि तो बघून म्हाताऱ्यांच्या तोंडून आपसूक ‘हां’ निघालं. वीतभर लांब, हातांनी झिजून तांबूस पिवळा झालेला, त्याला बांधलेली काथ्याची वेणी जुनी, काळी पडलेली. भाषणही सरळ होतं. नदीचं मुख आणि दालोची जमीन, वाळूसाठी, एवढंच. आडून काही नाही.

इनोके हात पुढे करणार, तेवढ्यात रातू एपेली बोलले. “थांब. आधी त्याच्या हातात द्या. त्या दारातल्याच्या. नंतर पुन्हा धूर नको.”

मानाने नाही बोलावला, तोंड बंद करायला बोलावला. तरी सगळं सभागृह वळून बघायला लागलं, आणि गंमत बघा, ज्याला लबाड म्हणत होते त्याच्याच हाताकडे बघायला लागलं. नेमानी सरकत पुढे आला. फिलिमोनेने दात त्याच्या तळव्यांवर ठेवला.

गार होता. मनगटं खाली गेली इतका जड होता. मुळाशी पोकळी, आत हाडाच्या बारीक रेघा. त्याच्या बापाच्या हातूनही असा कधी गेला नसेल. नेमानीने डोळे मिटले.

‘खोटा आहे.’ एवढंच म्हणायचं. कोण तपासणार? गावात दुसरा हात नव्हता. कंपनी चिडली असती, आणखी एक दात आणला असता, तोही खोटा म्हणायचा, त्यापुढचाही. नदी वाचत होती. दारात उलामिला उभी होती, पाण्यातून तशीच आलेली, केसांतून पाणी गळत होतं, आणि ती डोळ्यांनी हेच सांगत होती: म्हण. अरे म्हण!

शब्द जिभेवर आला. आणि त्याच्याबरोबर तीच चव आली, जळलेल्या प्लास्टिकची.

“खरा आहे,” नेमानी म्हणाला.

रातू हसले. फिलिमोनेने श्वास सोडला. दारात उलामिलाने तोंड फिरवलं.

“खरा आहे,” नेमानी पुन्हा म्हणाला, पण आता आवाज तो होता, पलीकडच्या काठाला पोचणारा, “म्हणून सांगतो, इनोके. खोटा घेतला होता, तो जाळता आला. हा जळायचा नाही. हा घेतलास की मग कोणी म्हातारा उठून तुला सोडवायला येणार नाही. तुझी आई त्या चिखलात उतरेल तेव्हा तिथे चिखल नसेल, आणि ते तू दिलेलं असेल, दोन्ही हातांनी, शहाणासुरता असताना. घ्यायच्या आधी नको म्हणता येतं. घेतल्यावर येत नाही. एवढंच मला कळतं.”

त्याने दात फिलिमोनेच्या हातांत परत ठेवला आणि मागे सरकून चपलांजवळ जाऊन बसला.

“घे,” रातू इनोकेला म्हणाले.

फिलिमोने हात पुढे करून बसला होता. समोरचा घेईपर्यंत देणाऱ्याने हात खाली आणायचे नसतात, आणले की मागणी मागे घेतली असं धरतात. इनोकेचे हात मांडीवर होते. त्याने रातूंकडे पाहिलं, मग दाराकडे. उलामिला एक शब्द बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होती ती.

“घे म्हणतो ना!” रातू म्हणाले.

इनोकेचे हात मांडीवरच राहिले. आमच्यातलं कोणी खोकलंसुद्धा नाही. कंपनीचे दोघं एकमेकांकडे बघू लागले, हे गप्प बसणं कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना कळेना.

फिलिमोनेची कोपरं थरथरायला लागली. मयताच्या दिवशी कितीतरी लांब भाषण केलं होतं त्याने, तेव्हा हात तसूभर हलले नव्हते. तेव्हाचा दात हलका होता. घाम त्याच्या नाकावरून दातावर पडला. त्याने आकिसीच्या डोळ्यांनी दाराकडे, मामाकडे पाहिलं. नेमानीने नजर काढली नाही आणि हातही पुढे केला नाही.

शेवटी फिलिमोनेनेच तो दात हळूच स्वतःच्या मांडीवर ठेवला.